खोट्याचा दर्जा

खोटे बोलणाऱ्याचा हुद्दा पाहून शिक्षा ठरवावी, हे शहाणपण आपल्या कायद्याला २००२ पासून आहे. मतदारयादीत नाव घालताना तुम्ही खोटी माहिती दिलीत, तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली वर्षभरापर्यंत कैद. तुम्हीच पुढे उमेदवार झालात आणि प्रतिज्ञापत्रात दोन बंगले नि चार गुन्हे गाळलेत, तर १९५१ च्या कायद्याच्या कलम १२५अ खाली फार तर सहा महिने. दंडावर सुटण्याची सोय मात्र दोघांनाही आहे. समता म्हणतात ती हीच.

निवडून आल्यावर सभागृहात काय वाटेल ते बोला, घटनेच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ मुळे कोर्ट विचारत नाही. ही चढती सवलत अर्धवट का सोडावी? मंत्र्यांना खोट्यामागे भत्ता द्यावा, मुख्यमंत्र्यांना दुप्पट.

२०१४ मध्ये विधी आयोगाने खोट्या प्रतिज्ञापत्राला किमान दोन वर्षे कैद आणि अपात्रता सुचवून या सुबक रचनेत बिब्बा घालू पाहिला. संसदेने थोर संयम राखला.

त्यामुळे आजही सहा महिने भोगून आलेला उमेदवार पुन्हा उभा राहू शकतो. या गुन्ह्यात अपात्रतेला दोन वर्षांची शिक्षा लागते. अट एकच. खोटे बोलल्याबद्दल शिक्षा झाली होती, हे नव्या प्रतिज्ञापत्रात खरेखरे लिहायचे.

नाही लिहिले तर?

सहा महिने. किंवा दंड.