ठराव मुंबईत, घाव टेंभुर्णीत

27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं, असा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केला. शरद पवारांना मुख्यमंत्री होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते.

4 ऑगस्ट 1978. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात जमावाने पोचिराम कांबळे यांना ठार मारलं.

मधे आठ दिवस गेले. चळवळींनी समाज कसा बदलतो, हे ज्याला शिकायचं असेल त्याने आधी या आठ दिवसांचा हिशेब मांडावा.

मागणी रास्त होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मराठवाड्यात विद्यापीठ आलं 1958 साली. त्याच्या आठ वर्षं आधी, 1950 साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढलं. तेच पुढचं मिलिंद. निजामी राजवटीत शाळेपासूनही दूर राहिलेल्या या भागातली पोरं तिथे पदवीधर झाली. ज्याने या मातीत उच्च शिक्षणासाठी कुदळ मारली, त्याचं नाव विद्यापीठाला द्या, असं विद्यार्थी आणि दलित पँथर म्हणत होते. यात गैर काय होतं?

गैर घडलं ते पुढे. विधानभवनात हात वर झाले आणि काम झालं, असं राज्यकर्त्यांनी मानलं. प्रत्येक पक्षाची यंत्रणा मत मागायला वाडी-तांड्यापर्यंत पोचते. हा ठराव काय आहे, तो का केला, त्याने कुणाचं काहीही हिरावलं जात नाही, हे सांगायला ती यंत्रणा पोचली नाही. ती मोकळी जागा अफवांनी आणि द्वेषाने भरून काढली. नाव बदललं की पदवीची किंमत जाणार, नोकऱ्या जाणार, मराठवाड्याची ओळख पुसली जाणार, असं कानोकानी पसरलं. हैदराबाद मुक्तिलढ्यातून आलेले गोविंदभाई श्रॉफ आणि अनंत भालेराव यांच्यासारखे आदरणीय लोकही नामांतराच्या विरोधात उभे राहिले. त्यांचा मुद्दा प्रादेशिक अस्मितेचा होता. पण गावात पेटलं ते वेगळंच. गायरान कसणारा, गावकीची कामं नाकारणारा, मुलाला तालुक्याला शिकायला धाडणारा दलित माणूस काहींच्या डोळ्यांत आधीपासून सलत होता. ठराव त्यांना निमित्त म्हणून मिळाला.

वाद विद्यापीठाच्या पाटीचा होता. जळाल्या झोपड्या. ज्यांनी विद्यापीठाचं फाटकही पाहिलं नव्हतं, त्यांचं धान्य, कपडे, गुरं गेली. पोचिराम कांबळे मातंग समाजातले होते. नामांतर हा एकट्या बौद्धांचा प्रश्न आहे, असं म्हणणाऱ्यांनी एवढं एक नाव लक्षात ठेवावं.

हिंसा झाली आणि सरकारने पाय मागे घेतला. ठराव कागदावर राहिला. एखाद्या हक्काची मागणी मान्य करायची, मग तिला विरोध करणाऱ्यांनी जाळपोळ केली की ती गुंडाळायची, याचा अर्थ जाळपोळीला नकाराधिकार देणं. पुढची पंधरा वर्षं महाराष्ट्राच्या सरकारांनी हेच केलं. मुख्यमंत्री बदलले, पक्ष बदलले, टाळाटाळ बदलली नाही.

बदल घडवला तो मागे न हटलेल्या माणसांनी. नोव्हेंबर 1979 मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. बायाबापड्या कडेवर पोरं घेऊन चालत होत्या. वाटेत अडवणूक झाली, लाठ्या पडल्या, हजारोंनी अटक करून घेतली. एस. एम. जोशी, बाबा आढाव आणि त्यांचे समाजवादी सहकारी स्वतःच्या समाजातला रोष पत्करून नामांतराच्या बाजूने उभे राहिले. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंगवास, निवेदनं असं वर्षामागून वर्ष चाललं. एक पिढी या मागणीसोबत म्हातारी झाली.

25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी स्वतःचा जीव दिला. तरुण कार्यकर्त्याला आपलं म्हणणं सरकारच्या कानी घालायला दुसरी वाट उरू नये, ही त्या सरकारची नामुष्की आहे. कुठल्याही चळवळीला असं मरण लागू नये. चळवळीला माणसं जिवंत हवीत. लढायला हवीत आणि जिंकलेलं उपभोगायलाही हवीत.

14 जानेवारी 1994 ला निर्णय झाला. ‘मराठवाडा’ ठेवून त्याआधी बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं आणि नामांतराचा नामविस्तार झाला. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच. काहींना ही तडजोड वाटली. मी तिला विजय म्हणतो. ज्यांच्याशी उद्या एकाच गावात राहायचं आहे, त्यांच्यासाठी एक शब्द जागेवर ठेवून आपला हक्क पदरात पाडून घेणं हा शहाणपणा आहे. मात्र हा पर्याय 1978 सालीही सुचू शकला असता. साडेपंधरा वर्षं आणि इतकी माणसं गमावून तो सुचला, याचा जाब कुणीच दिला नाही.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर आणि परभणी त्याच्याकडे आले. म्हणजे ज्या नांदेडने या नावासाठी माणसं दिली, त्या नांदेडच्या पोरांच्या पदवीवर ते नाव येत नाही. म्हणूनच हा इतिहास इथल्या वर्गांत आवर्जून शिकवायला हवा. दर 14 जानेवारीला छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) विद्यापीठ गेटवर लोटणाऱ्या गर्दीवर तो सोडून चालणार नाही.

चळवळींनी समाज कसा बदलतो, याचं आता दुसरं उदाहरण. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. मसुद्यावर आक्षेप आले, तो पुन्हापुन्हा बदलला गेला. दरम्यान कार्यकर्ते शाळा-महाविद्यालयांत, जत्रांत, गावच्या पारावर जाऊन बोलत राहिले. कायदा मात्र अडकलेलाच. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतर आठवड्याभरात अध्यादेश निघाला. वर्षानुवर्षं अडलेलं काम काही दिवसांत होत असेल, तर आधी अडचण नव्हती, इच्छा नव्हती. त्या अध्यादेशाखालचा पहिला गुन्हा सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात नोंदवला गेला, तो आपल्या नांदेडमध्ये. चमत्काराने असाध्य रोग बरे करतो, अशी जाहिरात करणाऱ्यांवर. कायदा हातात येताच तो वापरला गेला, कारण गावागावांत तो समजलेली माणसं आधीच तयार होती.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवा. एकीकडे ठराव आधी झाला आणि गाव तयार नव्हतं. दुसरीकडे गाव तयार होत गेलं आणि कायदा मागून आला. रक्त दोन्हीकडे सांडलं, कारण दोन्हीकडे राज्यकर्त्यांनी वेळेवर पाऊल उचललं नाही.

आणि हे सगळं जुनं झालं, असं कुणी म्हणू नये. फेब्रुवारी 2022 मध्ये लातूर जिल्ह्यातल्या ताडमुगळीत, निलंगा तालुक्यात, दलित तरुणांनी मारुतीच्या देवळात नारळ फोडल्यावरून दलित कुटुंबांवर बहिष्कार टाकल्याच्या बातम्या आल्या. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्यात 2017 पासून लागू आहे. 1 जून 2023 ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून मारलं, अशी फिर्याद घरच्यांनी दिली. पुस्तकात कायदे आहेत, ठराव आहेत, विद्यापीठावर नाव आहे. गावात मिरवणूक काढायला मात्र अजून हिंमत लागते.

म्हणून आज आंदोलन करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. मागणी आरक्षणाची असो, पाण्याची असो, रेल्वेची असो किंवा नावाची. निवेदनावर सह्या घ्या, मोर्चा काढा, मंत्र्याला भेटा. पण त्याच बैठकीत दुसरी यादीही करा. मागणी मान्य झाली तर कुठल्या गावात कोण जाणार? विरोध करणाऱ्याच्या ओसरीवर बसून कोण बोलणार? वस्तीवर पहिला दगड पडला तर तिथे रात्री कोण थांबणार? पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवून घ्यायला कोण उभं राहणार?

ही यादी कोरी असेल, तर जिंकलेल्या मागणीची किंमत गावातला सगळ्यात दुबळा माणूस मोजतो. नांदेड-लातूरच्या माणसाला हे सांगायला पुस्तकाची गरज नाही. त्याने ती मोजली आहे. पुन्हा मोजायला लावू नका.