मांडीच्या वाटणीचे नियम

ज्या घरात दोन अजाण लेकरे अगोदरच नांदत आहेत आणि ज्या घरी नुकतेच आणखी एक बालक रुजू झाले आहे, अशा घराचा कारभार निर्वेधपणे कसा चालवावा, याविषयी डहाणू व तलासरी या दोन्ही तालुक्यांत आजवर कोणी नियमावली प्रसिद्ध केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आणि ही उणीव माझ्या ध्यानात येण्यास मी सेवानिवृत्त होणे व आमच्या सूनबाईंना तिसरे अपत्य होणे या दोन घटना एकाच वर्षी घडाव्या लागल्या. लेखकाची पात्रता विचाराल, तर त्याने मामलेदार कचेरीत तीस वर्षांहून अधिक काळ कारकुनी केली असून दप्तर लावणे, रुजुवात घेणे आणि आलेल्या फिर्यादीवर शेरा मारून ती दुसऱ्या टेबलाकडे पाठवणे यांत त्याचा हात धरणारा डहाणूत कोणी नव्हता. मुलांच्या संगोपनाचा अनुभव मात्र त्याच्या गाठी नाही, कारण त्याची स्वतःची मुले वाढत होती तेव्हा तो कचेरीत होता.

कलम १ ले मांडीविषयी आहे. बालकांमधील यच्चयावत तंट्यांचे मूळ मांडी हे होय, आणि जमिनीच्या तंट्यास जे नियम लागू पडतात तेच या तंट्यास लागू पडतात, हे ज्याला उमगले त्याने निम्मा गड सर केला. आमचे थोरले चिरंजीव, वय वर्षे साडेचार, हे आईच्या मांडीचे मूळ वतनदार. दोन वर्षांपूर्वी मधल्या कन्यकेचा जन्म झाला तेव्हा त्यांची निम्मी मांडी खालसा झाली, आणि आता या तिसऱ्या इसमाच्या आगमनाने उरलेली निम्मीही, कोणतीही नोटीस न बजावता व नुकसानभरपाईचा शब्दही न काढता, काढून घेण्यात आली. मधलीची तक्रार नाही. ज्याच्या हाती बिस्कीट असेल त्याच्या पक्षात जावे, हे राजकारण तिने बोलता येण्यापूर्वीच आत्मसात केले आहे.

वाटणीचे दाखले शोधावयाचे, तर आमच्याइतका समृद्ध मुलूख दुसरा नसेल. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची दोन शकले झाली, तेव्हा जुन्या उंबरगाव तालुक्यातील गावेच वाटली गेली. काही गुजरातेत गेली, उरलेली महाराष्ट्रात राहून तलासरीच्या पदरी पडली, आणि तेव्हापासून या सरहद्दीवर एखाद्याचे घर एका राज्यात व सासुरवाडी दुसऱ्या राज्यात, असा संसार कोणाला वावगा वाटत नाही. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर हा राज्यातील छत्तिसावा जिल्हा निर्माण झाला. त्या दिवसांत मी नोकरीत होतो, आणि त्या अनुभवावरून सांगतो की, विभाजनाचा हुकूम एका दिवसात निघतो, परंतु लोकांचे पाय पुढे कितीतरी दिवस जुन्याच कचेरीकडे वळत राहतात. थोरले चिरंजीवही मध्यरात्री अर्धवट झोपेत उठून, उशी बगलेत मारून, सरळ जुन्या मुख्यालयी चालत जातात, आणि तेथे दुसऱ्याचा ताबा पाहून जो आक्रोश करतात, तो ऐकून शेजारच्या चिकूच्या वाडीतला राखणदार बॅटरी पेटवतो.

यावर मी काढलेला तोडगा असा: डावी मांडी गुजरात, उजवी महाराष्ट्र, आणि मध्ये जो पदर येतो ती सरहद्द. तोडगा कागदावर निर्दोष होता. अंमलबजावणीच्या पहिल्याच सायंकाळी महाराष्ट्राने गुजरातेचा अंगठा तोंडात घालून चावला.

कलम २ रे पदव्यांविषयी. बाळंतिणीस भेटावयास येणारे आप्तेष्ट डिंकाचे लाडू, दुपटी, कुंच्या आणि घोलवडचे चिकू घेऊन येतात, हे ठीकच आहे, पण त्यांपैकी प्रत्येक जण दारातच थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवून “आता तू दादा झालास हं!” असे जे म्हणतो, त्यास या नियमावलीने सक्त मनाई केलेली आहे. दादा ही पदवी बिनपगारी आहे. तिच्याबरोबर हक्क येत नाहीत, केवळ कामे येतात: दादा, लंगोट आण, दादा, पावडरीचा डबा दे, दादा, ओरडू नकोस, बाळ निजले आहे. ज्या मुलखात २३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेत हजारो वारली जमले, आणि त्यानंतर शामराव व गोदावरी परुळेकरांच्या साथीने त्यांनी वेठ करण्याचे ठामपणे नाकारले, त्या मुलखात साडेचार वर्षांच्या प्रजेकडून फुकट लंगोट आणवून घेताना मनुष्याने इतिहासाची थोडी तरी चाड बाळगावी. तिकडे प्रश्न माणसाला जनावरासारखे राबवण्याचा होता, इकडे पावडरीच्या डब्याचा. तुलना हास्यास्पद आहे, हे मला कळते. पण डबा आणून दिल्यावर ते पोर क्षणभर जागीच उभे राहते, आपल्याला काही मिळेल म्हणून नव्हे, तर आपल्याकडे कोणी पाहील म्हणून. आणि त्या क्षणी सगळ्या माना पाळण्याकडे वळलेल्या असतात.

कलम ३ रे धर्मकृत्यांविषयी, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. सहाव्या रात्री सटवाई येऊन बालकाच्या भाळी त्याचे भवितव्य लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल आपल्यात आहे. देवीने दप्तरी शाई वापरावी की काय, या विचाराने मी माझे जुने निळे पेन ठेवले. सकाळी पाहतो तो कागद कोरा नव्हता. त्यावर टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोल, खाली काटकुळे पाय, आणि त्या आकृतीच्या पाठीवर दुसरे काहीतरी वाटोळे, असे चित्र होते. घरातील स्त्रियांनी हात जोडले. मी हस्ताक्षर पडताळले.

डहाणूत वाढलेल्या मुलास दोन त्रिकोणांचा माणूस काढावयास शिकवावा लागत नाही. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिण्याचे काम पूर्वी सुवासिनींचे असे; आमच्याच तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला पुरुषाच्या हाती व कागदावर आणली, आणि २०११ साली पद्मश्री मिळाल्यावर ज्यांनी आजवर त्या भिंतींकडे ढुंकूनही पाहिले नव्हते अशा पांढरपेशांच्या दिवाणखान्यांतही ते त्रिकोण नाचू लागले. तेव्हा सटवाईच्या कागदावर कोणाची लेखणी चालली, याविषयी मला शंका उरली नाही. चौकशीत थोरल्यांनी कबुलीही दिली. पाठीवरचे वाटोळे काय, हे मात्र त्यांनी सांगितले नाही, आणि मी ते खाऊचे गाठोडे असावे असा शेरा मारून प्रकरण निकालात काढले.

गुटीविषयी फार लिहीत नाही. मुरडशिंग, वेखंड, हिरडा, बेहडा, जायफळ यांचे किती वळसे सहाणेवर द्यावयाचे याचा तक्ता आमच्या सौभाग्यवतींना तोंडपाठ आहे. परंतु आशाताईंनी पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाण्याचा थेंबही द्यावयाचा नाही, असा मनाईहुकूम बजावल्यापासून सहाण रिकामी पडली आहे, आणि तिच्यावर थोरले चिरंजीव खडू उगाळून मधलीला पाजण्याच्या खटपटीत असतात. या बाबतीत शासन व घर यांच्यातील पत्रव्यवहार अद्याप चालू असून, घर दर दोन दिवसांनी हरते.

कलम ४ थे गहाळ आहे. ज्या कागदावर ते लिहिले होते त्याची होडी झाली, आणि ती मोरीतून वाहत गेली. त्यात बापाची कर्तव्ये नमूद केली होती, असे आठवते.

आता ज्यांना या विषयावर बोलण्याचा खरा अधिकार होता, त्या दोघींकडे वळले पाहिजे. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसमवेत भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग केले होते, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभारला होता. १९४५ साली त्या बोर्डीस आल्या आणि तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या, ज्यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य आले. या दोघींनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम मांडले, त्याची थोरवी गाणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. मला त्यातील कारकुनी भाग अधिक विलक्षण वाटतो. मुले शाळेत येत नाहीत, असा अहवाल आला, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि तिला अंगणवाडी म्हटले. महागडी साधने नाहीत, तेव्हा शिंपले, बिया, पाने व खडे यांवर भागवले. मुले गुरांमागे जातात, तेव्हा शाळा कुरणात भरवून तिला कुरणशाळा हे नाव दिले. आणि थोरल्या मुली कडेवर धाकटे भावंड असल्यामुळे शाळेस मुकतात, असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणून विकासवाडी काढली, म्हणजे भावंडाने पाळणाघरात निजावे व बहिणीने पलीकडे बाराखडी गिरवावी. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर ‘भावंडास घरी ठेवून हजर राहावे’ असा शेरा मारून मी तो पाच मिनिटांत निकाली काढला असता, आणि माझा शेरा नियमास धरूनच असता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. विकासवाडीला तेवढे भाग्य लाभले नाही.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही जेव्हा थोरल्यांच्या दप्तरात बाळाचे टोपडे सापडले, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘चोरी’ हाच. दुसऱ्या दिवशी खुळखुळा गेला. तिसऱ्या दिवशी दुपटे. चौथ्या दिवशी एक पायमोजा, आणि तोही वापरलेला. अंगणवाडीच्या सेविकाबाई हसून म्हणाल्या की, तो या वस्तू आणतो, आपल्या शेजारी सतरंजीवर मांडतो, आणि सुटी झाली की मोजून परत नेतो. मी रीतसर पंचनामा केला, वस्तूंची यादी केली, आणि आकस व मत्सर ही कारणे समासात लिहून सूनबाईंपुढे ठेवली. त्या बिचाऱ्या रात्रभर जाग्या होत्या. त्यांनी यादी वाचली आणि डोळ्यांना पदर लावला.

बाळाला न्हाऊ-माखू घालावयास येणाऱ्या मावशींची नात, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकणारी, त्या सकाळी आजीबरोबर आली होती, आणि तिच्या कडेवर नेहमीप्रमाणे तिचा दीड वर्षाचा भाऊ होता. हा भाऊ तिचा एखादा अवयव असावा, अशा बेताने ती वावरते: दोन्ही हातांनी भांडे उचलते, वाकते, चिंचेच्या झाडावर दगड मारते, आणि तो कमरेवरून तसूभरही ढळत नाही. शाळेत ती त्याला घेऊनच जाते. शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे, तेथे सतरंजीच्या कडेला, थोरल्यांच्या शेजारी, त्याला बसवून ती आपल्या वर्गात जाते. माझा पंचनामा चालू असता ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

“आजोबा, तो बाळाला शाळेत आणतोय,” ती म्हणाली. “आख्खा बाळ कोणी देत नाही ना त्याला.”

कचेरीत असताना साक्षीदाराच्या एका वाक्याने फाईल बंद झाल्याचे प्रसंग मी पाहिले होते; पण त्या वेळी बंद होणारी फाईल माझी नसे. तिने पुढे कोणाची परवानगी विचारली नाही. आपल्या भावाला जमिनीवर सोडले, थोरल्यांना भिंतीला टेकून बसवले, “पाय लांब कर,” म्हणाली, आणि तेल माखलेले, गुळगुळीत, कडू तोंड करून रडणारे ते बाळ दुपट्यात गुंडाळून, मानेखाली आपला हात तसाच ठेवून, त्यांच्या इवल्याशा मांडीवर दिले. थोरल्यांनी श्वास रोखला. बाळाने रडणे थांबवले नाही; थोरल्यांनी मात्र वर पाहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, “ओरडू नका,” असे आम्हांस बजावले.

मधली दोन पावलांवर बिस्कीट खात उभी होती. थोडा विचार करून तिने ते अर्धे मोडले, आणि आपला पक्ष बदलला.

कलम ५ वे तेव्हापासून लिहावयाचे राहिले आहे. आज सकाळी, शिरस्त्याप्रमाणे, मी थोरल्यांचे दप्तर तपासले. डबा नव्हता, पाटी नव्हती, टोपडेही नव्हते; आतले सारे सामान काढून ओळीने पलंगावर मांडून ठेवले होते, आणि ते स्वतः रिकामे दप्तर दोन्ही हातांनी उघडे धरून पाळण्यापाशी उभे राहून, एकदा त्याच्या तोंडाकडे व एकदा बाळाकडे, अंदाज घेत होते.