पंचाची मांड

नाणेघाटाच्या पायथ्याशी, वैशाखऱ्यात कुणी बैल घ्यायचा म्हटलं की वाट बघायची ती पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेची. तिथे घेणाराच पंच. तो जबडा उघडून दात मोजतो, खूर बघतो, चार पावलं चालवतो आणि नाक मुरडतो. नाक बैलासाठी नसतं, भावासाठी असतं.

इंग्लंडातली 'शो हंटर', म्हणजे शिकारीच्या घोड्यांची, स्पर्धा याहून शास्त्रीय असेल, असं मला वाटलं होतं. हलके, मध्यम, वजनदार असे गट. घोड्यांनी रिंगणात चाल, दुडकी, दौड दाखवायची. मग पंच स्वतः मांड ठोकतो! वर्षभर खरारा मालकानं करायचा, दोन फेऱ्या साहेबांनी मारायच्या. पुढे खोगीर उतरवून अंगकाठी आणि पाय तपासतात. वागणुकीलाही मोल आहे. म्हणजे परक्या माणसाला पाठीवर घेऊन तोंड वाकडं करायचं नाही. शिकार तेवढी करून दाखवायची नाही. कुत्र्यांकरवी कोल्हा मारायला तिथे २००५ पासून बंदीच आहे. काम गेलं, पदवी राहिली. आमच्याकडे निदान 'माजी' तरी लावतात.

आपल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या बाजारात घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघतात. गळ्याशी देवमण सापडला की भाव चढतो. याला अंधश्रद्धा म्हणा खुशाल, पण भोवऱ्यावर बोट ठेवता येतं. पंचाला भावलेल्या रुबाबावर कुठे ठेवणार?

म्हशाला बैल हरत नाही, फार तर विकला जात नाही. संध्याकाळी तो टेम्पोतून घरी येतो आणि फीत मिळाली नाही म्हणून वैरण सोडत नाही.