अखेर घरातला शेपू संपला

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबर अखेर

ती. आई-बाबांस,


परवा व्हिडिओ कॉलवर पोरं एकदम ओरडत होती, त्यामुळे तुम्हाला "बकासुर गॅरेजमध्ये गेला" एवढंच ऐकू आलं आणि बाबांना रात्रभर झोप लागली नाही म्हणे. काळजीचं काही नाही. सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे पार्ल्याच्या टिळक मंदिराच्या कट्ट्यावर सांगताना बाबांचा तपशील चुकायला नको.

आई, इथून परत जाण्याआधी तू मागच्या अंगणात शेपूचा वाफा लावलास. घरचा शेपू म्हटल्यावर पोरं खातील, ही तुझी आशा. पोरांचं म्हणशील तर शेपूची भाजी केली की थोरल्याच्या पोटात दुखायचं आणि धाकटीला राहिलेला गृहपाठ आठवायचा. तरी ऑगस्टमध्ये वाफा विरळ व्हायला लागला. मी सशांना शिव्या घातल्या. मग वाकून पाहिलं, तर काड्यांवर पक्ष्याने शिटल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, आणि ते ठिपके मन लावून जेवत होते! आठवड्याभरात त्यांनी कपडे बदलले. हिरवं अंग, काळे पट्टे, पट्ट्यांवर पिवळे ठिपके.

तुमचे जावई फवारा आणायला गाडीची किल्ली शोधू लागले. तेवढ्यात थोरल्याने पुस्तकातून ओळख पटवली. ही ब्लॅक स्वॅलोटेलची अळी. न्यू जर्सीचं राज्य फुलपाखरू! "म्हणजे सरकारी पाहुणे," असं म्हणत ह्यांनी किल्ली परत खुंटीला लावली.

बाबा, यातली गंमत तुम्हाला आवडेल. महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला, म्हणजे आपल्या नीलवंताला, २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं ते देशातलं पहिलं राज्य. न्यू जर्सीने ब्लॅक स्वॅलोटेलला तो मान २०१६ च्या जानेवारीत दिला. दोघंही एकाच पॅपिलिओ घराण्यातले. आणि पार्ल्याच्या आपल्या कढीपत्त्यावरून तुम्ही रोज सकाळी चिमटीत धरून ज्या अळ्यांना खाली टाकता ना, त्या कॉमन मॉर्मनही त्याच घराण्यातल्या. आपण दोन खंडांत एकाच भावकीला पोसतोय, फक्त तुम्ही जरा नाखुशीने.

जाळीचा पिंजरा आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. शेपूच्या काड्या पाण्याच्या बाटलीत, आणि अळ्या बुडू नयेत म्हणून बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा. रोज शी झाडायचं काम धाकटीकडे. स्वतःच्या खोलीतला मोजा न उचलणारी ही पोरगी, इथे मात्र ब्रश घेऊन सकाळीच हजर! सगळ्यात खादाड अळीचं नाव तिनेच बकासुर ठेवलं. एकदा तिने लाडाने त्याच्या पाठीवर बोट फिरवलं, तर त्याने डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंग बाहेर काढलं. वास असा सुटला की तुमच्या जावयांनी पोळी हातात घेऊन दारं-खिडक्या उघडल्या. आई, तुला खाजेची धास्ती वाटेल म्हणून सांगते, हा केसाळ सुरवंट नव्हे. अंग गुळगुळीत, खाज नाही, फक्त वास.

मग वाफा संपला. दुकानातल्या जुड्यांवर फवारा मारलेला असला तर अळ्या मरतात, म्हणून तो मार्ग बंद. शेजारच्या इटालियन आजींकडे पार्सली आणि बडीशेप आहे. ही सगळी शेपूचीच भावंडं, गाजरासकट, आणि या अळ्यांना चालतात. मी भीत भीत मागायला गेले.
"किती माणसं आहेत जेवायला?" आजींनी विचारलं.
मी खरं ते सांगितलं.
"त्या हिरव्या? मी तर त्यांना चपलेने मारते!"
आई, मला क्षणभर तुझाच भास झाला. पण मग त्या रोज संध्याकाळी जुडी घेऊन यायच्या आणि बकासुराची चौकशी करून जायच्या.

पोटभर झालं की अळी अचानक उपास धरते, पोट साफ करते आणि पिंजऱ्यात येरझाऱ्या घालते. मग एखादी काडी पसंत करून शेपटीकडचं टोक रेशमाने चिकटवते, एक धागा कमरेभोवती घेते आणि मागे रेलते. पुढे कातडी फाटते आणि आत कोश तयार असतो. पहिलं फुलपाखरू नेमकं शाळेची बस यायच्या वेळी बाहेर आलं. पंख ओले, चुरगळलेले. धाकटी तोंडाशी डोळे नेऊन बघत होती. सोंड दोन धाग्यांची निघते आणि ते दोन्ही जुळवून त्याला तिची नळी करावी लागते. "आई, ते स्ट्रॉ जोडतंय!" बस गेली. मी शाळेला खरं कारण कळवलं.

सगळंच गोड झालं असं नाही. एका कोशाच्या कुशीला भोक पडलं आणि आतून निघाली गांधीलमाशीच्या जातीतली एक माशी. तिच्या आईने अळीतच अंडं घातलेलं असतं. धाकटी रडली. थोरला विचार करून म्हणाला, "म्हणजे आपला शेपू तिनेपण खाल्ला." बाहेर बहुतेक अळ्यांचं असंच काहीतरी होतं, पक्षी नाहीतर माशी, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळलं.

आता बकासुर. त्याने कोश केला तो सप्टेंबरच्या शेवटी. दिवस लहान झाले की ही मंडळी त्या वर्षी बाहेर पडतच नाहीत, थेट वसंतात उठतात. घरातल्या उबेत ठेवला तर बर्फात जागा होईल आणि बाहेर एक फूल नसेल. म्हणून त्याची रवानगी थंड गॅरेजमध्ये. मोठं दार वर-खाली झालं की कोश हादरतो, म्हणून दार बंद आणि गाडी बाहेर.

बाबा, एक विनंती. कढीपत्त्याची निदान एक फांदी कॉमन मॉर्मनसाठी सोडा. फुलपाखराची मादी पायांनी पानाची चव घेऊन अंडं घालते, तिला फसवता येत नाही. नुसती फुलं लावून भागत नाही, अळीचं खायचं झाडही लागतं. घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीतल्या फुलपाखरांच्या बागेत तुम्ही पोरांना नेलं होतं, तिथे हेच केलंय. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत पार्किंगवरून भांडून झालं की लिंबू आणि कढीपत्त्याला एक कोपरा मागून घ्या. मी आता पान कुरतडलेलं दिसलं की औषध शोधत नाही, आधी कोण आलंय ते बघते.

मे महिन्यात येताना भाजणी आणि मेतकूट आणा. ताजा कढीपत्ता मात्र बॅगेत लपवू नका. लिंबाच्या झाडांचा रोग येतो म्हणून इथे त्याला बंदी आहे, आणि विमानतळावर बाबांचा चेहरा लगेच सगळं कबूल करतो.

पोरं शेपू खायला लागली का, हे तू विचारणारच. थोरल्याने बकासुराला त्यात काय दिसतं ते बघायला एक काडी चावली. म्हणाला, "त्याला दुसरं काही मिळत नसेल."

बाकी क्षेम.

तुमची लेक

ता. क. जावई विचारतात, राज्य फुलपाखराने गॅरेज अडवलं तर राज्य सरकार भाडं देतं का? सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडताना त्यांना असे प्रश्न पडतात.