किंचाळीशास्त्र : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

या अभ्यासक्रमाला प्रवेश सोपा आहे. गाडीला पंधरा वर्षं झालेली असावीत, कल्याण आरटीओच्या फेऱ्या मारून तिची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून आणलेली असावी, पर्यावरण कर भरलेला असावा. आणि घरच्यांनी ‘आता तरी विका’ म्हटल्यावर ‘इंजिन अजून कडक आहे’ असं छातीठोकपणे सांगितलेलं असावं. गाडी मारुती ८०० असल्यास फारच उत्तम. १९८३च्या डिसेंबरात पहिली ८०० रस्त्यावर आली, मुंबईत तिची विक्री २०१०मध्ये थांबली आणि २०१४च्या जानेवारीत कारखान्यातूनही ती बंद झाली. तेव्हा आज ती चालवणारा माणूस हौशी तरी असतो, नाहीतर हट्टी. दोघांनाही प्रवेश आहे.

प्रयोगशाळा : शीळफाटा. एकीकडे मुंब्रा बायपास, दुसरीकडे महापे, तिसरीकडे तळोजा-पनवेल आणि पाठीशी कल्याण-डोंबिवली. न्हावाशेवा बंदराचे कंटेनर इथूनच भिवंडीकडे जातात आणि तुमच्या ८००च्या आरशात त्यांचा फक्त बंपर दिसतो. खोळंब्यात गाडी अर्धा तास जागच्या जागी घरघरते, उन्हात तापते, मेट्रोच्या आणि पुलांच्या कामांची धूळ खाते आणि फाटा सुटला की लगेच बायपासचा चढ. आळशी इंजिन, तापलेलं इंजिन, तुंबलेला फिल्टर आणि चढावरचा भार अशा चारही परीक्षा फुकट होतात. मानपाड्याच्या बाजूला, याच कल्याण-शीळ रस्त्यावर, एकेकाळी प्रीमियरचा मोटार कारखाना होता. नव्वदीच्या दशकात तिथे पूजो ३०९ तयार व्हायची. आता तिथे टॉवर आहेत. जिथून गाड्या बाहेर पडायच्या तिथे आता गाड्या नुसत्याच उभ्या असतात.

धडा पहिला : आवाज

सकाळी चावी फिरवली की बोनेटखालून ‘कीssss’ असा आवाज येतो आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत येतात. यावरचा परंपरागत उपाय म्हणजे गाण्यांचा आवाज वाढवणे. तो बरेच महिने लागू पडतो, म्हणून त्याला कमी लेखू नये. पण एक दिवस खोळंब्यात एसी आणि हेडलाइट एकदम लावले की किंचाळी गाण्यावर मात करते. नेमकं असंच का होतं, हे समजलं तर निम्मा अभ्यासक्रम संपला.

इंजिनाच्या पुलीवरून जाणारा पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. दिवे लावले, काच पुसायला वायपर लावला की अल्टरनेटरवर भार येतो आणि त्याची पुली जड होते. पट्टा सैल किंवा गुळगुळीत झालेला असेल, तर तो तिला फिरवण्याऐवजी तिच्यावरून घसरतो. ती घसरण म्हणजे किंचाळी. पावसाळी सकाळी दमट पट्टा दोन मिनिटं ओरडून गप्प बसत असेल, तर घाबरू नका. दिवसभर ओरडत असेल, तर त्याला काहीतरी सांगायचं आहे. एसीचा पट्टा बऱ्याच जुन्या गाड्यांत वेगळा असतो, म्हणून फक्त एसी लावल्यावर ओरडा आला तर आधी तो बघा. सँट्रो-एस्टीमवाल्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहावं. तेव्हाच ओरडत असेल, तर पॉवर स्टिअरिंगचा पट्टा.

आता निदान. गाडी पेट्रोल पंपाच्या बाजूला घ्या, कंटेनरच्या पुढ्यात प्रयोग नकोत. ओढणी, टाय, गळ्यातली साखळी गाडीतच ठेवा. खोळंब्यात पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या पोराकडून एक बाटली घ्या, झाकणाला भोक पाडा आणि इंजिन चालू असताना, हात लांब ठेवून, पट्ट्याच्या आतल्या बाजूवर बारीक धार सोडा. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा चिवचिवायला लागला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने काहीच फरक पडला नाही आणि घरघर चालूच राहिली तर संशय अल्टरनेटरच्या किंवा पंपाच्या बेअरिंगवर.

मग इंजिन बंद, चावी खिशात. तरी रेडिएटरचा पंखा आपल्या मर्जीने सुरू होऊ शकतो, बोटं तिकडे नेऊ नका. पट्ट्याच्या सगळ्यात लांब भागावर मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण सेंटीमीटरभर दबला तर ताण ठीक, हातात लोंबला तर सैल. आतली बाजू उलटून बघा. आरशासारखी चकाकत असेल, भेगा असतील, कडेचे धागे सुटले असतील किंवा तेल-कूलंट लागलेलं असेल, तर ताण देऊन उपयोग नाही, बदला. तेल लागलं असेल तर ते कुठून आलं तेही शोधा, नाहीतर नवा पट्टाही महिन्याभरात गायला लागतो.

एवढ्यात टपरीवरचं सल्लागार मंडळ जमलेलं असतं. एक म्हणतो साबण चोळा, दुसरा पावडर, तिसरा ‘स्प्रे मारा दादा, गप्प बसेल’. गप्प बसतो, आणि तीच अडचण आहे. पुढच्या वेळी तो न ओरडता तुटतो आणि मग तापमानाचा काटा वर गेल्यावरच तुम्हाला कळतं. चौथा सांगतो, ‘एकदम टाइट करून टाका.’ तेही नको, फाजील ताणाने बेअरिंगं जातात आणि पट्ट्याच्या किमतीच्या कैक पट बिल होतं. टायमिंग बेल्ट हे वेगळं प्रकरण, तो झाकणाआड असतो आणि जाण्याआधी बोंब मारत नाही. त्याला किलोमीटर बघूनच बदलायचं.

धडा दुसरा : अडखळणं

ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी विचार करते, मग निघते. मागच्या डंपरचा हॉर्न त्या विचाराच्या मध्येच वाजतो. इथे पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नाही, ‘कधी अडखळते’ हा आहे.

फक्त थंड इंजिनावर अडखळते? चोक किंवा तापमानाचा सेन्सर. थांबलेल्या जागेवरून निघतानाच? कार्बोरेटरवाल्यांनी इंजिन बंद करून एअर फिल्टरचं झाकण काढावं, थ्रॉटल हाताने ओढावा आणि आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडते का बघावं. विडी-सिगारेटवाल्या मित्राला आधी दूर पाठवा. चिळकांडी नसेल तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम गेला. एमपीएफआयवाल्यांनी थ्रॉटल बॉडीची काजळी साफ करून घ्यावी. बायपासच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये झटके देते? प्लग नाहीतर पेट्रोल फिल्टर. प्लग काढून रंग बघा: बिस्किटी तपकिरी म्हणजे ठीक, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, पांढुरका म्हणजे उलट. पावसातच अडखळते? रात्री अंधारात बोनेट उघडून चालू इंजिन बघा, जुन्या प्लग वायरांवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. लांबून बघा, हात लावलात तर निदान फार लवकर होईल.

एअर फिल्टर सगळ्यात आधी, कारण तो स्वस्त आहे आणि या रस्त्यावर धूळ मुबलक आहे. आणखी एक गोष्ट पेट्रोलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि कार्बोरेटरच्या काळातल्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून सोसायटीत महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास जास्त. नळ्या चिकट किंवा भेगाळलेल्या दिसल्या तर बदला. ही काटकसरीची जागा नव्हे.

आणि आता दोन्ही धडे एकत्र. पट्टा घसरला की अल्टरनेटर पुरेसा फिरत नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि ठिणगी दुबळी पडते. पेट्रोल पंप आणि इंजेक्टर असतील तर तेही मंदावतात. म्हणजे किंचाळी आणि अडखळणं हे दोन आजार नसून एकच असू शकतो. साधा मल्टिमीटर बॅटरीला लावा. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास दिसलं तर अल्टरनेटर ठीक. १२च्या घरात घुटमळत असेल, तर कार्बोरेटरला हात लावण्याआधी पट्टा बघा.

धडा तिसरा : गॅरेजमधली भाषा

मिस्त्री बोनेटमध्ये डोकावून एक रेस देतो आणि म्हणतो, ‘शेठ, कार्बोरेटर खोलायला लागेल. प्लग, पॉइंट, कॉइल, सगळं बदलून टाकू.’ नवशिका इथे ‘करून टाका’ म्हणतो. सगळं एकदम बदललं तर गाडी सुधारेलही, पण कशाने सुधारली हे त्यालाही कळत नाही आणि तुम्हालाही नाही. ‘चढावर तिसऱ्या गिअरला झटके येतात, चार्जिंग साडेबारा दाखवतंय, आधी पट्टा बघा’ असं सांगा. चांगला मिस्त्री खूश होतो, दुसरा प्रकार तुम्हाला पुढच्या गॅरेजचा पत्ता देतो. एका वेळी एकच वस्तू बदला आणि बायपासला एक चक्कर मारून या.

जुना पट्टा दुकानात सोबत न्या आणि त्यावरचा नंबर जुळवूनच नवा घ्या. जुना अगदीच तुटायला आला नसेल तर डिकीत ठेवा, रात्री फाट्यावर अडकलात तर तोच घरापर्यंत आणेल. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल होतोच. आठवड्याने ताण पुन्हा तपासून घ्या, आणि त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.