कंपनीच्या लॅपटॉपचे अपडेट अडकल्यास करावयाची कार्यवाही

सदर मार्गदर्शिका मीरा-भाईंदर हद्दीत, हॉलच्या कोपऱ्यात टेबल मांडून कंपनीच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या समस्त नोकरदारांसाठी आहे. स्वतःच्या पैशाने लॅपटॉप घेतलेल्यांनी ती वाचू नये. त्यांच्यावर अशी वेळ आली की ते भाच्याला बोलावतात.

प्रथम मालकीचा प्रश्न. विंडोज अपडेटच्या पानावर एक बारीक ओळ असते: काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते. ही ओळ मोठ्याने वाचावी. मीरा रोडला अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांना तिचा अर्थ लगेच कळेल. राहायचे तुम्ही, वीजबिल भरायचे तुम्ही, पण भिंतीत खिळा ठोकायचा नाही. इथे खिळा म्हणजे अ‍ॅडमिन राइट्स. सबब, यूट्यूबवर बघून सिस्टिमचे फोल्डर उडवायला जाऊ नये. उडणार नाहीत, आणि प्रयत्नाची नोंद मात्र कुठेतरी होऊन बसेल.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. कंपन्या सहसा ते आधी मोजक्या मशीनवर चालवून बघतात, काही बिघडले नाही तर बाकीच्यांना देतात. दर वेळी सर्वांत आधी तुमचेच मशीन आडवे होत असेल, तर तुमची निवड त्या मोजक्यांत झालेली आहे. अभिनंदन.

अपडेट फसले की पडद्यावर एक कोड येतो. तो फुलीवर क्लिक करून घालवू नये, फोनवर फोटो काढावा. कोडच्या शेवटी ८००७०००५ असेल तर परवानगी नाकारली गेली आहे. तुम्ही चहा ठेवा, हे काम आयटीचे. ८००७००७० असेल तर डिस्क भरली आहे, आणि ती तुम्हीच भरली आहे. डाउनलोड्स उघडावे. सोसायटीची मेंटेनन्सची बिले, पोराच्या शाळेची पीडीएफ आणि चुलतबहिणीच्या हळदीचा व्हिडिओ तिथेच सापडतील. आयटीने विचारायच्या आत ते हलवावेत. रीसायकल बिनही रिकामे करावे. तिथला कचराही डिस्कवरच जागा अडवून असतो.

आता मुख्य विधी. आयटीचा मुलगा फोनवर विचारतो, “मॅडम, रीस्टार्ट केलंत?”

“अहो, रोज रात्री बंद करते!”

“टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली अप टाइम काय दिसतोय?”

दिसतात १९ दिवस. मॅडम खोटे बोललेल्या नाहीत. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि सकाळी तोच पुन्हा उचलते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते. म्हणून रीस्टार्टच मारावा, चार्जर लावून. नुसते झाकण मिटणाऱ्यांबद्दल इथे न बोललेले बरे.

कधी अपडेटनंतर निळा पडदा येऊन बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली मागतो. जन्मतारीख टाकून बघू नये. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास निघाले. फाइल उडवणे दोन मिनिटांचे काम. पण कित्येक मशीनवर आधी हेच ४८ अंक भरावे लागले, तेही एकेका मशीनपाशी बसून. तुमची किल्ली आयटीकडे असते. ती फोनवर सहा-सहाच्या गटांत उतरवून घ्यावी आणि तेवढा वेळ मिक्सर बंद ठेवावा.

तिकीट टाकताना “लॅपटॉप चालत नाही, अर्जंट” असे लिहू नये. सगळेच तसे लिहितात. कोड, वेळ, व्हीपीएन चालू होते की बंद, एवढे लिहावे. रिमोट देण्यापूर्वी नोकरी शोधायच्या साइटची टॅब बंद करावी.

एवढ्यावरही भागले नाही, तर “मशीन ऑफिसला घेऊन या” असा निरोप येतो. बॅग पोटाशी धरून भाईंदरहून सुटणारीच गाडी पकडावी. परतताना दुरुस्त मशीनच्या आनंदात विरार फास्टमध्ये चढू नये. त्या गर्दीत भाईंदरला उतरायचे अ‍ॅडमिन राइट्सही आपल्याकडे नसतात.