वाऱ्याविरुद्ध आठ बाय चार

धामणगाव रेल्वेहून चांदूरकडे सायकल वळवली की पावसाळाभर पश्चिमेचा वारा छातीवर घ्यावा लागतो. मोकळी शेतं, गुडघ्याएवढं सोयाबीन, अडवायला काही नाही. मी ताशी पंधराने चालवतो आणि तेवढाच वारा समोरून आला तर अंगावर तिसाचा बसतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट. स्कूटरला काच मिळते, मोटारसायकलला मॉडेल पाहून मिळते, ऑटोला ती आधीच बसवलेली असते. स्वतःच्या पायांवर वारा कापणाऱ्या सायकलवाल्यासाठी आमच्या बाजारात काहीच नाही. म्हणून पुढचं कवच घरीच करायला घेतलं.

त्यासाठी सनपॅक ठरवला. निवडणुकीच्या फलकांचा, आत नळ्या असलेला प्लॅस्टिकचा पत्रा. मला लागणार होता दोन फूट बाय अडीच. दुकानदार म्हणाला, ‘‘कापून नाई भेटत भाऊ, अख्खाच घ्या लागते.’’ अख्खा म्हणजे आठ बाय चार फूट. एका हाताने तो डोक्यावर धरून, दुसऱ्या हाताने सायकल ढकलत दत्तापूरपर्यंत आलो. वाऱ्याने दोनदा रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं. वाटेत तिघांनी विचारलं, ‘‘कोन्या पार्टीकडून हाय?’’

पत्रा नळ्यांच्या दिशेने सरळ दुमडतो, आडवा दुमडला तर मोडतो. गोलाई हवी असेल तर नळीच्या एकाच बाजूने ब्लेड फिरवावं लागतं. डिंक कुठलाच धरत नाही, कारण हे प्लॅस्टिक पॉलिप्रॉपिलीन आहे. गरम खिळ्याने भोकं पाडून केबल टाय ओवायचे, एवढंच टिकतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर डिंकाच्या तीन ट्यूबा वाचल्या असत्या.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले क्लिपने. हँडलचा पाइप बावीस मिलिमीटरचा. लोखंडी नळाची अर्धा इंची क्लिप त्यावर बसत नाही आणि पाऊण इंची गरगर फिरते. महिनाभर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळून भागवलं. मग एका प्लंबरने गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपची पाऊण इंची क्लिप हातात ठेवली. ती अशी बसली की जणू हँडलसाठीच केली होती. ज्याला हे काम करायचं असेल त्याने थेट तीच मागावी.

लोक याला रिकामपणाचा उद्योग म्हणतात, ते मला लागतं. 1933 साली फ्रान्सच्या मार्सेल बर्ते यांनी पूर्ण कवच घातलेल्या सायकलवर तासाभरात 49.992 किलोमीटर कापले. उघड्या सायकलीचा विक्रम तेव्हा पंचेचाळीसच्याही आत होता. स्पर्धांच्या नियमांनी कवचाला आधीच बंदी घातलेली होती, म्हणून तो आकडा मुख्य विक्रमांत धरला गेला नाही. ही बंदी मला आजही अन्यायाची वाटते. 2016 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडात तसल्याच बंदिस्त सायकलीने ताशी 144 किलोमीटर गाठले, तेही फक्त पायांच्या जोरावर. स्पर्धेने कवचाला जागा दिली असती तर दुकानांनीही दिली असती.

माझं कवच फक्त समोरचं आहे. बाजूचे पंख मी दुसऱ्याच दिवशी कापून टाकले, कारण शेजारून ट्रक गेला की हँडल हातातून ओढलं जायचं. हनुवटीखाली पंजाएवढं भोक ठेवलंय, नाहीतर मे महिन्यात छातीला हवाच लागत नाही. चांदूरच्या वाटेवर आता मान खाली घालून दम टाकावा लागत नाही.

राहिलं ते एकच. वेग वाढला की पत्रा कुठेतरी फडफडतो. सगळे टाय पाहिले, क्लिपा पाहिल्या, ब्रेकच्या दांड्याला कापड गुंडाळलं. उभ्या सायकलवर आवाज येत नाही आणि चालत्या सायकलवर वाकून बघता येत नाही. काल पुतण्याला कॅरिअरवर बसवून नेलं. तो म्हणतो आवाज डावीकडून येते, मला तो उजवीकडून ऐकू येतो.